सूपभर कोंडा

माझ्या बहिणीच्या लेकीला मुलगा झाला आणि बारशासाठी नाव शोधायचं काम आमच्या श्रेयाकडं आलं. श्रेया माझी मुलगी, कॉलेजात शिकते. मोबाइल घेऊन ओट्यावर बसली आणि रियांश काय, विवान काय, एकेका नावाचा अर्थ वाचून दाखवायला लागली. मला ती सगळी नावं एकाच क्रेटमधल्या टोमॅटोसारखी वाटत होती. मधेच तिला काय हुक्की आली कुणास ठाऊक, तिनं आपल्या आजोबांचं नाव टाकलं. कोंडाजी. त्या फोननं डोक्यातल्या कोंड्यावर लिंबाचा रस चोळायला सांगितला! पोरगी हसून हसून लोळली. मीही हसले, खोटं कशाला बोलू? माझ्या सासूबाई तिथंच शेंगा फोडत बसल्या होत्या, त्या सूप खाली ठेवून गोठ्याकडं निघून गेल्या.

ही गोष्ट जुनी झाली. नानांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, जाऊन आता वर्ष होत आलं. फोनला जे सांगता आलं नाही ते मी सांगते. माझं नाव उज्ज्वला, राहणार पिंपरी पेंढार, आणि माझं तोंड फटकळ आहे असं सगळं गाव म्हणतं. तेव्हा कुणाला लागलं तर लागू दे.

नानांची आई ठमाबाई. तिला नानांच्या आधी लेकरं झाली, पण एकही हाती लागलं नाही. कुणी पाचवीलाच गेलं, कुणी रांगायच्या आत गेलं. नावं तरी कशी ठेवली होती! राजाराम, प्रल्हाद, लक्ष्मण. चांगली नावं ठेवली म्हणूनच पोरं सटवाईच्या डोळ्यावर आली, असं ठमाबाईच्या मनानं घेतलं. सटवाई म्हणजे पाचवीच्या रात्री तान्ह्या लेकराच्या कपाळी नशीब लिहिणारी देवी. लिहिते तीच आणि नेते पण तीच, असं जुन्या बायका मानायच्या.

नाना जन्मले तेव्हा सुईणीनं युक्ती सांगितली. लेकरू सुपात घातलं आणि परसातल्या उकिरड्यावर नेऊन ठेवलं, नको म्हणून टाकून दिल्यासारखं. ओढ्यापलीकडच्या वस्तीतली बायडाबाई सांगून ठेवल्याप्रमाणं तिथं आली. "अगं बया, हे कुणाचं पोर? मला सापडलं!" म्हणत तिनं ते उचलून पदरात घेतलं. मग ठमाबाई पुढं झाली.

"तुझं पोर मला इकत देती का?"

"देती की. काय देशील?"

"सूपभर कोंडा."

पीठ चाळल्यावर चाळणीत जे उरतं तो कोंडा, कोंबड्यांपुढं टाकायचा. तेवढ्या मोलात सौदा झाला, लेकरू घरात आलं आणि त्याचं नाव पडलं कोंडाजी. सटवाईनं विचारलंच तर सांगायला मोकळं, की हे आमचं नाहीच, विकत घेतलंय, आणि तेही कोंड्याच्या भावात. असल्या मालाला कोण हात लावतं?

आणि नाना जगले की! नंतर ठमाबाईला मूल झालं नाही, हे एकच राहिलं. लाडात आली की ती त्याला हाक मारायची, "माझ्या सूपभर कोंड्या!"

आमच्या जुन्नर-आंबेगावात जुन्या माणसांत घरटी एखादा केरू, एखादा दगडू, एखादा धोंडिबा सापडायचाच. शहरातले पाहुणे नाक मुरडतात. आईबापांना बरं नाव सुचलं नाही का, म्हणतात. अरे, सुचलं होतं ना! सुचलेली सगळी नावं मातीत पुरून झाल्यावर हे नाव ठेवलंय. मला तर केरू, दगडू असं नाव ऐकलं की आधी त्याची आईच आठवते, कधी न पाहिलेली.

एक मात्र आहे, आमच्या माणसांपुढं मी हात टेकले. देवीला फसवायला बायडाबाईचा पदर चालला, पण त्याच बायडाबाईला आमच्या आडावर पाणी भरू देत नव्हते. पुढं तिच्या घरानं बौद्ध धम्म घेतला आणि आमच्या आडाकडं बघायचंच सोडून दिलं. बरं केलं. तिचा मुलगा सोमनाथ नानांहून थोडा मोठा. दोघांनी गुरं एकत्र राखली. म्हातारपणीसुद्धा तो नानांना भर चौकात हाक मारायचा, "काय रं कोंड्या, आमच्या घरचा माल!" आणि नाना एरवी कुणाशी धड न बोलणारे, तेवढ्या हाकेला दात दाखवून हसायचे.

आता सासूबाई. आम्ही त्यांना आत्या म्हणतो. नाव चिमाबाई, माहेर घोडेगावच्या पलीकडं. बायकोनं नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, ही त्यांची पक्की समजूत. तशी ती जुन्या सगळ्याच बायकांची होती, पण आत्यांचं सगळंच टोकाचं. नाव तर नाहीच, नावातला शब्दसुद्धा त्या तोंडातून काढत नसत. पीठ चाळलं की चाळणीत उरेल ती 'चाळण'. श्रेयाच्या डोक्यात कोंडा झाला तर "पोरीचं डोस्कं उललंय". आणि संसार कसा ओढगस्तीत काढला हे सांगताना कोंड्याचा मांडा केला असं म्हणायची वेळ आली, की "त्याचा मांडा केला" म्हणून पुढं सटकायच्या.

"कशाचा मांडा, आत्या?" मी मुद्दाम विचारायची.

"तुझ्या डोस्क्याचा!"

मी लग्न होऊन आले आणि पहिल्याच आठवड्यात "अमृत, चहा घे" म्हणाले, तर आत्यांच्या हातातलं पातेलं खाली पडलं. "अगं, नवरा हाय का गडी तुझा?" मी म्हटलं, "आत्या, माझा तर अमृत आहे. नाव घेतलं तर वाढेल, कमी कशाला होतंय?" दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मात्र धुणं धुताना आपल्या आपणच हसल्या.

नाव त्यांनी घेतलं ते एकदाच, लग्नातल्या उखाण्यात, कारण ते चारचौघी मागून घेतात. तो उखाणा मला गावातल्या बायकांनी सांगितला. 'घोडनदीच्या काठाला पाणी आलं भरून, कोंडाजीरावांचं नाव घेते पदर डोईवर धरून.' पुढं आत्यांना म्हणायला लावला तर नावाच्या जागी त्या नुसता पदर तोंडाला लावायच्या आणि पुढचं म्हणायच्या.

नाना तरी कुठं बायकोचं नाव घेणारे! "अगं ए", नाहीतर नुसतं खाकरायचं. नारायणगावच्या बाजारातून येताना रेवड्यांची पुडी चुकली नाही कधी, पण हातात द्यायची? छे! चुलीमागच्या फळीवर ठेवायची आणि गोठ्यात जाऊन उभं राहायचं. आत्यांना रेवड्या दिसायच्या, तो माणूस दिसायचा नाही. त्यांची आयुष्यभराची तक्रार एकच होती.

"मला काय ह्यांनी बघून केली? थोरल्यांनी ठरवलं, आमी पाटावर उभं ऱ्हायलो. दावणीला दोन बैलं बांधत्यात तसं. येवढ्या वर्सांत येका शब्दानं मला काय म्हणाले न्हाईत, बरं न्हाई आन् वाईट न्हाई."

लग्नातली एक गोष्ट मात्र त्यांना सुटत नव्हती. त्या काळी मुलीच्या बापानं मुलाच्या दारात चपला झिजवायच्या. इथं झालं उलटं. ठमाबाई स्वतः, तीही एकटी बाई, अर्धी वाट बैलगाडीत आणि अर्धी पायी, घोडेगावला मागणी घालायला गेली. नात्यागोत्यातल्या गोऱ्यागोमट्या पोरी इथं सांगून येत असताना!

"मी काय सोन्याची व्हते?" आत्या म्हणायच्या. "काळी, हाडकुळी. म्हातारीनं माझ्यात काय बघितलं, देवाला ठावं."

करोनाच्या दुसऱ्या लाटेत सोमनाथमामा गेले. त्या दिवसापासून नानांना नावानं हाक मारणारं जगात कुणी उरलं नाही. तुम्हीच विचार करा. बायको अहो म्हणणार, आम्ही नाना म्हणणार, गाव नाना म्हणणार. आमच्याकडं माणूस म्हातारा झाला की त्याचं नाव फक्त मतदानाच्या दिवशी बाहेर निघतं.

त्यानंतर नाना विसरायला लागले. आधी विहिरीवरच्या मोटारीचं बटण, मग घरची वाट, मग आम्ही. अमृतला ते "पावणं, कुठलं तुमी?" असं विचारायला लागले. नारायणगावच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की अलीकडचं आधी पुसलं जाईल आणि डोकं मागं मागं जात राहील. गोळ्यांनी थोडा आळा बसेल, बरं होणार नाही. आत्यांनी पदराचं टोक चावत एकच विचारलं, "मला वळखत्याल नव्हं?" डॉक्टर गोळ्यांची नावं लिहीत राहिले.

परतताना गाडीत त्यांनी माझा हात धरला. "उज्वला, मला दुसरं काय नगं गं. चालू नगंत, बोलू नगंत, मी समदं करीन. मला तेवढं वळखू द्यात. बास."

पुढं पुढं नाना म्हणून हाक मारली की नानाच इकडंतिकडं बघायचे, हा नाना कोण म्हणून. सकाळी उठले की विचारायचे, "आई कुठं गेली?" आत्या चहाचा कप घेऊन उभ्या राहायच्या, "अहो, चहा." त्यांच्याकडं एकदा बघायचे, कप घ्यायचे. ते बघणं ओळखीचं आहे का नाही, यावर आत्यांचा अख्खा दिवस जायचा. "आज बघितलं गं माझ्याकडं, नीट बघितलं," असं मला येऊन सांगायच्या. मी हो म्हणायची.

दिवाळी नुकतीच झाली होती. दुपार कलली होती. मी गाईंना वैरण टाकत होते, आत्या न्हाणीत पाणी तापवत होत्या, अमृत टोमॅटोची गाडी घेऊन मार्केटला गेलेला. तेवढ्यात ओट्यावरून नाना गायब. घर बघितलं, गोठा बघितला, विहिरीत डोकावून आले. त्यांची चप्पल सापडली पाटाच्या कडेला, आणि पुढं तोडीला आलेल्या उसाचा फड. त्याच फडातून निघून वाघानं शेजारच्यांची कालवड ओढून नेली होती. आमच्याकडं बिबट्याला वाघच म्हणतात, आणि हल्ली उसात माणसांपेक्षा तेच जास्त राहतात.

गाव धावून आलं, ते मात्र सांगायलाच हवं. देवळातल्या स्पीकरवरून पुकारलं. पोरं काठ्या घेऊन आली, कुणी दिवाळीचे उरलेले फटाके आणले. फटाके वाजवू नका, म्हातारा घाबरून आणखी आत जाईल, म्हणून कुणी त्यांना आवरलं. अमृत अर्ध्या वाटेतून गाडी वळवून आला. बांधाबांधावर नुसता गलका, "नानाऽ! ओ नानाऽऽ!" आणि फड गप्प. आत शिरलेल्यांना दोन सऱ्यांपलीकडचं दिसत नव्हतं. सूर्य खाली खाली चालला होता.

तेव्हा माझ्या डोक्यात आलं. आत नाना नाहीतच. आत कुणीतरी पाच-सहा वर्षांचा पोरगा आहे, आणि आम्ही सगळे भलत्याच माणसाला हाका मारतोय.

मी ओरडले, "कोंडाजीऽऽ!" लोकांनी वळून बघितलं, सून सासऱ्याला नावानं हाक मारतेय! मारू दे. अमृतही ओरडला. काही उपयोग झाला नाही. अशी हाक त्यांना कुणी मारतच नव्हतं. ती हाक ठमाबाईसारखी मारील अशी जिवंत माणसांत एकच बाई उरली होती, आणि ती बाई बांधावर दगडासारखी उभी होती.

"आत्या, तुम्ही हाक मारा. त्यांच्या आईसारखी. तुमची सासू मारायची तशी."

"न्हाई गं! काय बोलतीस!"

"आत्या, ते दुसऱ्या कशाला ओ देणार नाहीत."

"आयुष्य जातं ह्यांचं! येवढी वर्सं जपलंय मी, जीव गेला तरी न्हाई घ्यायची."

"तुमचा जीव जाऊन काय उपयोग? वाघाच्या तोंडात गेल्यावर कसलं आयुष्य राहतंय त्यांचं?" मी सगळ्या गावासमोर त्यांच्यावर ओरडले. "घ्या नाव! आत्ता घ्या!"

आत्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की मी त्यांचं काहीतरी हिसकावून घेतेय. मग त्यांनी पायातल्या चपला काढल्या. पदर डोक्यावरून पुढं ओढला. उसाकडं तोंड करून हात जोडले, देवाला का सासूला, मला नाही माहीत. आणि हाक मारली.

"कोंड्याऽऽ! कोंड्या रं! माझ्या सूपभर कोंड्या, ये रं घरलाऽऽ!"

तो आवाज आत्यांचा नव्हता. माझ्यामागं उभी असलेली एक म्हातारी म्हणाली, "अगं बया, ठमाबाई!" सगळा गलका बंद पडला. आत्यांनी दुसरी हाक मारली, तिसरी मारली. फडात खसफस झाली, पोरांनी काठ्या सावरल्या, आणि आतून आवाज आला.

"आलो गं आईऽऽ!"

नाना उसाची पानं बाजूला करत बाहेर आले. तोंडावर, हातांवर पानांनी कापलेल्या रेघा, पाय अनवाणी. कुणाकडं न बघता सरळ आत्यांकडं गेले आणि त्यांच्या खांद्यात तोंड खुपसून रडायला लागले. "आई, मी लपलो व्हतो. ती सटवाई मला न्हेणार व्हती."

"न्हाई न्हेत," आत्या म्हणाल्या. "मी हाय न्हवं."

गाव टाळ्या वाजवत होतं. अमृत बांधावर बसून लहान मुलासारखा रडला. आत्याही रडत होत्या, आणि लोकांना वाटलं माणूस सापडला म्हणून. मी शेजारी होते. माणूस सापडला म्हणून त्या रडल्याच, पण आई हा शब्द कानावर पडला तेव्हा त्यांचा चेहरा कसा झाला, ते मी बघितलं होतं.

त्या दिवसापासून घरात नवराबायको राहिले नाहीत. आत्यांनी "अहो" म्हटलं की नाना तोंड फिरवायचे, परकी बाई आली म्हणून. घास भरवायला गेल्या तर ओठ घट्ट मिटायचे. "कोंड्या, आ कर रं" म्हटलं की लगेच आ. अंघोळ, औषध, झोप, सगळ्याला तीच हाक लागायची. शेजारची प्रयागबाई बघायला म्हणून आली आणि जाता जाता म्हणाली, "चिमा, नाव घेतलंस नव्हं? आता जपून ऱ्हा बाई, दिवस फिरत्यात." मी तिला म्हटलं, "मावशी, तुमचे मालक तर तुम्ही नाव न घेताच गेले ना?" नंतर कितीतरी दिवस फिरकली नाही ती. बरंच झालं.

पण आत्यांच्या मनात जे होतं ते मला कुठं घालवता येत होतं? नाना खरंच खंगत चालले होते. वय झालं होतं, आजार होता. मी शंभरदा सांगितलं, डॉक्टरांकडून सांगवलं. त्या ऐकून घ्यायच्या. एकदा पेजेची वाटी हातात धरून चुलीपुढं बसल्या होत्या, उठेनात.

"आत्या, पेज निवतेय."

"नाव घेऊ तर आयुष्य जातंय, न घेऊ तर घास जात न्हाई," त्या म्हणाल्या. "मी काय करू, तूच सांग."

शेवटी त्या उठल्याच. नाव घ्यायच्या, घास भरवायच्या, आणि दर वेळी डाव्या हातानं स्वतःच्या दोन्ही गालांवर हलकेच मारून घ्यायच्या, चूक झाली म्हणून. नाना हसायचे. त्यांना तो खेळ वाटायचा.

संक्रांतीला आत्यांनी ठेवणीतली हिरवी साडी नेसली, हातभर चुडा भरला, कपाळाला ठसठशीत कुंकू लावलं. मला म्हणाल्या, तू बाहेर थांब. मी दाराआड उभी राहिले. त्या नानांपुढं जाऊन बसल्या. "अहो, बघा की. मी चिमा." नानांनी लई वेळ बघितलं. साडी बघितली, बांगड्या बघितल्या. मग म्हणाले, "आई, आज कुणाचं लगीन हाय?" आत्यांनी चुडा तिथंच बसून उतरवला.

चैत्रात यात्रा सुरू झाल्या. पलीकडच्या गावच्या घाटात, म्हणजे बैलगाड्यांच्या शर्यतीच्या उतारावर, सकाळपासून स्पीकर चालू होता. वाऱ्याबरोबर आरोळी यायची, "झाली झाली झाली, भिर्रर्र!" नाना तेव्हा खाटेवरून उठत नव्हते, पण त्या आवाजानं त्यांचे डोळे चमकायला लागले. आत्या पेज भरवत होत्या, मी पायाला तेल चोळत होते.

"आई."

"काय रं, कोंड्या?"

"रागावणार न्हाईस न्हवं?"

"न्हाई."

"घाटात येक पोरगी बघितली. घोडेगावकडली. मामाच्या गाड्यासंगं आली व्हती. बैल उधळला, आई, गडी समदं पळालं. ही येकटी उभी. सोता कासरा धरला तिनं आन् बैलाला गप केला." नानांना धाप लागली होती, पण थांबेनात. "काळी हाय. हाडकुळी हाय. पर तिच्यासारखी न्हाई कुणी. मी तिच्या भावाला नाव ईचारलं. चिमा नाव हाय."

माझा हात त्यांच्या पायावर तसाच राहिला. ते नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकत होते, आणि आत्यासुद्धा.

"मला तीच कर आई. दुसरी केलीस तर म्या पाटावर उभा ऱ्हाणार न्हाई."

आत्यांनी वाटी खाली ठेवली. त्या माझ्याकडं वळल्या. "म्हणून... म्हणून म्हातारी चालत आली व्हती गं."

"आई, करशील न्हवं?"

"करीन," आत्या त्यांच्याकडं वळून म्हणाल्या. "चिमाच करीन तुला. मी सोता जाती मागणी घालायला."

"पर माझं नाव सांगू नगंस तिला. सूपभर कोंड्यात इकत घेतलेला. हसंल ती. असलं नाव घ्यायला लाजंल."

"न्हाई लाजणार. घील ती."

"खरंच घील?"

"रोज घील, कोंड्या."

नाना हसले, पार सोमनाथमामाच्या हाकेला हसायचे तसे, आणि त्यांनी घासासाठी आ केला. आत्यांनी घास दिला. त्या घासाला त्यांनी गालांवर मारून घेतलं नाही.

नंतर त्या गोठ्यात जाऊन गव्हाणीला डोकं लावून रडल्या, हंबरडा फोडून रडल्या. "येवढी वर्सं ह्यो माणूस मनात ठिवून बसला! आन् सांगितलं कुणाला? आईला! मला सांगितलं असतं तर काय झालं असतं गं? येकदा, नुसतं येकदा!" मी त्यांना धरून उभी राहिले. मीही रडत होते, आणि मला त्या मेल्या रेवड्या आठवत होत्या, चुलीमागच्या फळीवर ठेवलेल्या.

चैत्र सरायच्या आत नाना गेले. झोपेतच गेले, त्रास झाला नाही. प्रयागबाई दारात आली तेव्हा मी तिच्याकडं बघितलं, आणि तिनं तोंडातून शब्द काढला नाही. आत्यांनी कुंकू पुसू दिलं नाही. बायका कुजबुजल्या, मी कमरेवर हात ठेवून उभी राहिले, विषय मिटला.

परवा नानांच्या वर्षश्राद्धाची तयारी म्हणून मी पोळ्यांसाठी कणीक चाळत बसले होते. आत्या शेजारी डाळ निवडत होत्या. हल्ली त्या फारसं बोलत नाहीत. चाळणीत उरलेलं मी केरात टाकायला निघाले.

"उज्वला, तो कोंडा टाकू नगंस," त्या म्हणाल्या. "कोंबड्यास्नी घाल."

इतकी वर्षं या घरात नांदले, हा शब्द त्यांच्या तोंडून असा कधी आला नव्हता.

"काय म्हणालात, आत्या?"

"कोंडा. कोंडाच म्हणले." त्यांनी डाळीतला खडा काढून बाजूला टाकला. "आता काय, कुणाचं आयुष्य ऱ्हायलंय कमी व्हायचं?"

आणि त्यांनी रिकामं सूप माझ्यापुढं धरलं.